वाळ्याचा वास

आई गेली आणि काही महिन्यांत बाळकुमचं आमचं बैठं घर पाडायला घेतलं. मोरीमागचा तिचा वाळा तेवढा बाबांनी उपटून माझ्याकडे, कोलशेतच्या फ्लॅटवर आणला. बाबांचा स्वच्छतेचा सोस जगप्रसिद्ध, आणि आई गेल्यापासून तर त्याला ऊत आलेला. त्यांनी मुळं नळाखाली धरून पांढरी होईपर्यंत धुतली आणि विकतच्या कोकोपीटमध्ये, नारळाच्या भुशात लावली. मी कॉलेजात शिकवायला गेले होते. घरी आले तेव्हा काळं पाणी केव्हाच वाहून गेलं होतं.

वाळा मात्र तरारला. उन्हाळ्यात बाबांनी त्याची मुळं काढून नेहमीसारखी माठात टाकली. पाण्याला वासच नव्हता.

"माझं नाकच गेलं बहुतेक," ते म्हणाले आणि त्या दिवसापासून माठाला शिवले नाहीत. संध्याकाळी कुंडीपाशी बसून राहायचे. मला त्या बसण्याची भीती वाटायची.

नाक ठणठणीत होतं. मी वनस्पतिशास्त्र शिकवते; वास का नाही ते मला ठाऊक होतं. मुळं मातीत गोडसर रस सोडतात, त्यावर जिवाणू पोसतात, काही मुळाच्या आतही शिरतात. वाळ्याचा सुगंध त्यांच्याच मदतीने घडतो. आई वर्षानुवर्षं त्या मातीत हात घालत होती, आणि बाबांनी ती माती धुऊन टाकली होती. हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटेना.

तिथली माती आणायला बाळकुमला गेले तर पत्र्यांमागे नुसता खड्डा. मग आठवलं, आई कुणाला रोप द्यायची तर मुळाशी आपली माती फडक्यात बांधूनच. नुसतं रोप देणं तिला मुलीला रिकाम्या हाताने सासरी धाडल्यासारखं वाटायचं. शेजारच्या मावशी विठ्ठलवाडीला राहायला गेल्या, तेव्हा त्यांना तिने असाच वाळा दिला होता.

"वाळा कधीच मेला गं," मावशी म्हणाल्या. "पण कुंडी तीच आहे, आता तुळस लावलीय. माती ने ना, विचारतेस काय!"

डबाभर माती मांडीवर घट्ट धरून मी घरी आले. आत काहीतरी जिवंत होतं.

ती वाळ्याच्या कुंडीत मिसळताना बाबांना सांगितलं, खत आहे. पुढच्या उन्हाळ्यात माठाचं झाकण काढलं आणि स्वयंपाकघरात आई आल्यासारखा वास पसरला. मी मागे वळून पाहिलंसुद्धा.

बाबांनी माठातून पेला भरला, नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

"खत नव्हतं ते. कुठली माती?"

आता खोटं बोलवेना. "विठ्ठलवाडीच्या मावशींकडची. आईने बांधून दिलेली."

"म्हणजे इथेही आली होती ती, मुळांबरोबर," बाबा म्हणाले. "आणि मी तिला नळाखाली धरलं."