एका शब्दाची वकिली

मी वकील झाले तेव्हा मला कायदा येत होता, गुजराती येत नव्हतं. म्हणजे बोलता यायचं. सुरतेत जन्मलेल्या पोरीला तेवढंही येणार नाही असं कसं होईल. पण शाळा पालिकेची मराठी, घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, आणि कॉलेजात गेल्यावर एकदम गुजरातीतून करार कायदा. पहिल्या वर्षी मी अर्ध्या वर्गाला हसवलं आणि मग त्याच वर्गाकडून टिपणं मागत फिरले. टिपणं देणाऱ्यांत हसणारेच जास्त होते. त्यांच्यावर राग धरायचं मनात होतं, पण जमलं नाही.

वडील पांडेसऱ्यातल्या डाइंग मिलमध्ये होते. हाताला कायम कुठला ना कुठला रंग लागलेला. मला वकिलीला घालायचं ठरल्यावर नातेवाइकांनी त्यांचं डोकं खाल्लं, की एवढ्या शिकलेल्या मुलीला तोलामोलाचा नवरा कुठून आणणार. वडिलांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, सगळ्यांना चहा पाजला आणि ते गेल्यावर मला म्हणाले, "तू शिक माय, घरनं मी देखी लेसू." आणि घराचं त्यांनी खरंच पाहिलं. नवरा मात्र माझा मीच शोधला, त्यावरून नातेवाईक अजून टोमणे मारतात.

पदवीनंतर ज्यांनी मला ऑफिसात टेबल दिलं ते सीनियर पक्के सुरती. माझ्यासाठी कुणी शब्द टाकला नव्हता, तरी दिलं. माझा मसुदा वाचताना ते कपाळाला हात लावायचे. एकदा म्हणाले, तुझं गुजराती म्हणजे नुसता लोचो आहे. लोचो हा इथला हरभऱ्याच्या डाळीचा वाफवलेला नाश्ता, आकार बिघडलेल्या खमणासारखा. मी हिरमुसले, तर म्हणाले, अगं, पण अख्खं सुरत सकाळी उठून लोचोच खातं ना! आणि मसुदा माझ्याकडूनच पुन्हा लिहून घेतला. आज नगरसेविका म्हणून उभी राहिले की पालिकेच्या सभागृहात विरोधक माझ्या मुद्द्यावर तुटून पडतात, व्याकरणावर नाही. त्याचं श्रेय त्या माणसाला, आणि ते मी चारचौघांत सांगते.

पुढे सरकारी कायदा मदतीच्या पॅनलवर काम केलं. मग आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि पक्षाची मंडळी घरी आली. त्यांना मराठी, हिंदी, गुजराती अशा तिन्ही भाषांत भांडू शकणारी बाई हवी होती. मी भांडते ही बातमी कोर्टाच्या आवारात शिळी झालेली होती. लोकांना वाटतं माझं राजकारण तिथून सुरू झालं. मी मात्र ते त्याच्या बरंच आधी, एका लोकअदालतीत, एका अशिलाकडून शिकले. तिचे उपकार मी मानते.

ही बाई मराठवाड्याकडची. नवऱ्याच्या मागे सुरतेतल्या भेस्तानला आली होती. तो लूमवर काम करायचा. वर्ष-दीड वर्षात तो तापाने गेला आणि ती दोन मुलींना घेऊन चाळीतल्या त्याच खोलीत राहिली. मुली समोरच्याच मराठी शाळेत जायच्या. घरमालकाला चाळ पाडून दुकानं काढायची होती, म्हणून त्याने खोली खाली करून घ्यायचा दावा लावला होता. करार सगळा तोंडी, तोही गेलेल्या नवऱ्याशी झालेला. दावा चालला असता तर तिच्या हातात काही राहिलं नसतं. सीनियरांनी घरमालकाच्या नाकदुऱ्या काढल्या आणि त्याला तडजोडीवर आणलं. त्यानं शेजारच्या स्वतःच्याच इमारतीत खोली द्यायची, भाडं तेच ठेवायचं आणि करार तिच्या नावाने करायचा. सीनियरांनी हे तिला त्यांच्या गुजराती वळणाच्या हिंदीतून समजावलं. तिने मान डोलावली. सगळ्यांना वाटलं, झालं.

लोकअदालतीत मी सीनियरांच्या मागे उभी होते. न्यायाधीशबाईंनी कागद वाचला, चष्मा काढला आणि अगदी मायेने विचारलं, "बेन, फावशे ने?"

त्या बाईचा चेहरा पाहता पाहता लाल झाला. तिने डोक्यावरचा पदर ओढून घेतला, नाही म्हणून मान हलवली आणि सरळ बाहेर चालू लागली. घरमालकाला तेवढंच हवं होतं. तो म्हणाला, मी पाया पडत नाही कुणाच्या, आता दावाच चालू द्या. सीनियर माझ्याकडे बघायला लागले. मी बाहेर पळाले.

ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "त्या बाई मला म्हणल्या, आता तुझं फावलं. माझा माणूस गेला, आन् माझं फावलं व्हय?"

आता हे कुणाला सांगायचं! गुजरातीत फावशे म्हणजे तुम्हाला जमेल ना, सोयीचं होईल ना. सुरतेत दिवसातून शंभरदा कानावर पडणारा शब्द. आम्हा इथल्या पोरांना त्यात काही वेगळं ऐकूच येत नाही. पण आपल्याकडे फावलं कुणाचं म्हणतात? जो दुसऱ्याच्या अडचणीत आपली पोळी भाजून घेतो त्याचं. नवरा गेल्यावर पक्की खोली मिळतेय, आणि भर कोर्टात तिला कुणी म्हणतंय, की बरं फावलं तुझं. मी तिच्या जागी असते तर नुसती उठून गेले नसते.

मी तिला समजावलं. तिचा विश्वास बसला की नाही कोण जाणे, पण माझ्यामागून आत आली. घरमालक अजून सीनियरांशी हुज्जत घालत होता, हे आमचं नशीब. मी हात जोडून न्यायाधीशबाईंना माझ्या लोचो गुजरातीत सगळा घोळ सांगितला. त्यांनी तडजोडीचा कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, तुमच्या भाषेत तुम्हीच विचारा, मी थांबते. घरमालकाला त्यांनी बोटानेच बसायला सांगितलं.

मी तिच्याकडे वळले. "शेजारच्या इमारतीत खोली देतायत. भाडं तेच. करार तुमच्या नावाने, तुम्हाला कुणी उठवणार नाही. चालेल का तुम्हाला?"

तिने आधी घरमालकाकडे पाहिलं, मग न्यायाधीशबाईंकडे. "चालेल," म्हणाली. आणि मग हळूच, मला एकटीला सांगितल्यासारखं, "पण बाई, चालेल का म्हणून मला कुणी इचारलंच नव्हतं आजवर. लग्नात बी नाही, हिकडं आणताना बी नाही."

न्यायाधीशबाईंनी विचारलं, काय म्हणतात त्या? मी एकही शब्द न गाळता सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि शिपायाला सांगून तिच्यासाठी खुर्ची मागवली.