सोबत कोण आलंय?

"सुटली बिचारी," वनिताच्या वहिनीने फोनवर सांगितलं, आणि माझं डोकंच फिरलं. मी शिकवते त्या रानशेतच्या शाळेत मधली सुट्टी चालू होती, पोरं खिचडीवर तुटून पडली होती, आणि मी व्हरांड्यात उभी राहून ओरडले, "कशातून सुटली गं? तुरुंगात होती का ती?" वहिनी रडायला लागली. तिची तरी काय चूक! सगळं गाव तेच म्हणत होतं, महिना उलटला तरी म्हणतंय. पाय चालत नव्हते ना, म्हणजे जगणं ही शिक्षा आणि मरण ही सुटका... वनिताने ऐकलं असतं तर एकेकाची चामडी लोळवली असती.

वनिता माझी लहानपणापासूनची मैत्रीण. तापात पाय गेले तेव्हा ती रांगतही नव्हती, त्यामुळे पायांचं दुःख तिला नव्हतंच, ते लोकांनाच जास्त. गुजरातच्या हद्दीलगत अच्छाडला हायवेच्या कडेला तिची चहाची टपरी होती. हाताने चालवायच्या तीनचाकीवरून यायची, ट्रकवाल्यांशी गुजरातीत हुज्जत घालायची, आणि कोणी "अरेरे" म्हणालं की त्याला मुद्दाम पाणचट चहा द्यायची.

गेल्या वर्षी तिचं पोट दुखायला लागलं. सुट्टी असली की तलासरीच्या दवाखान्यात मी बरोबर जायचे. डॉक्टर तिच्याकडे बघायचेच नाहीत. "सोबत कोण आलंय?" मग मला विचारायचे, "यांना भूक लागते का? झोप येते का?" वनिता म्हणायची, "डॉक्टर, पोट माझं आहे. हिला काय विचारता?" मग गाडी पायांवर यायची. कधीपासून असे, ऑपरेशन केलं होतं का... "पाय जाऊ द्या हो, पोट बघा! जाम दुखतंय." पण पोट बघायचं तर टेबलावर झोपायला हवं, आणि टेबल हे एवढं उंच. वॉर्डबॉयने एकदा काखेत हात घालून उचललं आणि आपटलं, तेव्हापासून ती कोणाला हात लावू देईना. "मी काय सिमेंटची गोणी आहे?" मग "राहू दे, बसल्या बसल्या बघतो" म्हणायचं, साडीवरून दोन बोटं टेकवायची आणि ॲसिडिटीच्या गोळ्या लिहून द्यायच्या. डहाणूला गेलो, तिथेही तेच. वर आणखी, "हालचाल नाही ना, म्हणून होतं." अहो, दिवसभर हाताने गाडी रेटणारी बाई ती!

मी वैतागून म्हटलं, "उचलू दे ना गं एकदा." तर म्हणाली, "सुलू, माझे पाय असेच राहणार. पण टेबलाचे पाय कापता येतात ना? मग सगळे माझ्यातच खोट का शोधतात?" टेबल कोण कापणार! शेवटी तिने सुताराकडून दोन रुंद पायऱ्यांचा लाकडी ठोकळा करून घेतला, तीनचाकीला मागे बांधला आणि दवाखान्यात नेला. बसत बसत, हातांवर जोर देत ती टेबलावर चढली. डॉक्टरांनी पहिल्यांदाच नीट पोट दाबून बघितलं. गाठ होती, मोठी. गुजरातेत पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "इतका उशीर का केलात?" तेही मला! वनिता एवढी हसली की नर्स धावत आली.

ठोकळा तिने तलासरीच्या दवाखान्यातच ठेवायला सांगितला होता. "कोणीतरी येईलच माझ्यासारखं." तिच्यामागे मी बघायला गेले, तर त्यावर पाण्याचा जार! मी जार उतरवला, ठोकळा टेबलाजवळ सरकवला, चार शब्द सुनावले. पुढच्या बाजाराला गेले, तर जार पुन्हा वर. आता तलासरीला गेले की हे माझं ठरलेलंच काम आहे. परवा मी जार उतरवून ठोकळा सरकवला, तेवढ्यात पोट सांभाळत एक गरोदर बाई आली, ठोकळ्यावर पाय ठेवून आरामात टेबलावर चढली, आणि कोणाला त्यात काही विशेष वाटलं नाही.

नवा कंपाउंडर मात्र माझ्यावर वैतागला. "बाई, तुम्ही पेशंट आहात का?"

"नाही."

"मग सोबत आलात? कोणाच्या?"

"वनिताच्या," मी म्हटलं. "आणि तो जार खालीच राहू दे."