ओल्या नऊवारीचं वजन

नात विचारते, "आजी, तुमच्या काळी फॅशन काय होती?" आता काय सांगायचं हिला? फॅशन बघायला आरसा लागतो, निवांतपणा लागतो. मी जी बघितली ती धुण्याच्या दगडावर बघितली, आणि ती सुद्धा ओली.

लग्न होऊन कोठी मोहल्ल्यातल्या घरात आले तेव्हा राज्य निजामाचं. सासरे वकील. कचेरीला जायचे ते शेरवानी घालून, डोक्याला दस्तारची पगडी. यांच्या वेळेला दस्तार गेली आणि लाल रुमी टोपी आली. धाकटे भाऊजी कॉलेजात जायला लागले ते चक्क उघड्या डोक्यानं, पँटमध्ये शर्ट खोचून. सासरे म्हणाले, "सुतक आहे का घरात, बोडका निघालास तो?" भाऊजी म्हणाले, "आबा, आमच्या वर्गात टोपी घातली तर विचारतात, केस गेले का?" सासऱ्यांनी पान तोंडात टाकलं, विषय संपला. पुरुषांच्या फॅशनी अशा आल्या नि गेल्या. मला त्यांचं सुखदुःख नाही, कारण ते सगळे कपडे धोबी न्यायचा.

बायकांचे कपडे मात्र सोवळ्याच्या घरात धोब्याच्या हाती कसे जाणार? ते माझ्याकडे. सासूबाईंची खणाची चोळी, पुढे गाठ मारायची. माझं कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं. वन्सं मोठ्या झाल्या तशा त्यांच्या बाह्यांना फुगे आले. बाह्या लांब काय, आखूड काय, ते चालून जायचं हो. जीव काढायच्या त्या नऊवारी. सासूबाईंची, वन्संची, माझी. जाड सुताचे नऊ नऊ वार पाण्यात भिजले की म्हैस ओढून काढल्यासारखं व्हायचं. एकटीनं पिळायचं, एकटीनं वर दांडीवर टाकायचं. मनगटं रात्रभर ठणकायची. तेव्हा ऐकण्यात आलं की मुंबई-पुण्याकडे मुली पाचवारी नेसतात. लोक म्हणत, काय हे थेर. मी मनात म्हटलं, चार वार कमी! देवा, ही फॅशन आमच्याकडे येऊ दे.

आणि आली की! वन्संना पुण्याचं स्थळ आलं. मुलगा प्रोफेसर, निरोप होता की मुलगी नव्या वळणाची हवी, पाचवारी नेसणारी. आधीची दोन स्थळं मोडलेली, सासूबाईंचा जीव टांगणीला. म्हणाल्या, "नेसू दे बाई, काय नेसायचं ते."

खरेदी आमची कशी असायची, ते आजच्या मुलींना पटत नाही. आम्ही काही दुकानात उतरायचो नाही. टांग्याला पडदा बांधलेला, टांगा दुकानासमोर उभा, दुकानदार पडद्याआडून एकेक साडी आत द्यायचा. आत अंधार. पडद्याचा कोपरा बोटभर उचलायचा, तेवढ्या उजेडात रंग बघायचा नि पोत हातानं चाचपायचं. सासूबाईंनी अशीच एक फिकी मोतिया जॉर्जेटची पाचवारी घेतली. हाताला कशी लोण्यासारखी लागली!

पाहुणे यायच्या दिवशी आम्ही वन्संना ती नेसवली. कशी नेसायची ते कुणालाच धड ठाऊक नाही. नऊवारीची गाठ मारतात तशी कमरेला गाठ मारली, निऱ्या खोचल्या. साडी बरी दिसत होती. तेवढ्यात शेजारच्या बेगम दोन घरांमधल्या छोट्या दारातून, पुरुषमंडळींनी संपवलेल्या शीरखुर्म्याचं रिकामं भांडं परत न्यायला आल्या. वन्सं अंगणाच्या दारात उभ्या, मागून ऊन. बेगमनी तोंडावर हात ठेवला.

"अगे मां! अंदर लहंगा नै पहनाए क्या? सब दिखरा ना!"

नऊवारीला कुठे आत परकर लागतो? जन्मात कुणी घातला नव्हता. टांग्याच्या अंधारात ते कापड आरपार आहे हे दिसणार कसं? वन्संनी तिथंच बसकण मारली आणि रडायला लागल्या. "मी नाही येणार बाहेर. मोडू दे हेही."

बेगम म्हणाल्या, माझा लहंगा आणते. पण सासूबाईंना ते चालेना. शेवटी सासऱ्यांचं धुतलेलं धोतर काढलं, दुहेरी केलं, मी बाजूनं भराभर धावदोरा घातला, वर नाडी ओवली. बेगम हसत म्हणाल्या, "वकीलसाब को नक्को बोलना, धोती का केस डाल देंगे." वन्सं रडता रडता हसल्या. सासऱ्यांच्या धोतरावर पाचवारी नेसून त्या पाहुण्यांपुढे गेल्या आणि लग्न ठरलं.

ते झाल्यावर मी धीर केला. "सासूबाई, मी पण नेसू का पाचवारी?"

"नेस की. माझी मात्र नऊवारीच."

मला वाटलं, सुटले. कसलं काय? चार वार वाचले नि परकर आला. परकरावर शोभेल असं पोलकं आलं, त्याला खळ आली, कोळशाची इस्त्री आली. जॉर्जेटीला तर आपटायचीही सोय नाही, अंगावरचं मूल धुवावं तशी धुवायची. धुण्याचा ढीग होता त्याहून मोठा. फॅशनीनं मला फसवलं, दुसरं काय.

त्यात वन्सं पहिल्या माहेरपणाला आल्या त्या ट्रंक भरून. सकाळी दगडावर पाच साड्या, त्यांचे परकर, फुग्याचे ब्लाउज. "वहिनी, एवढं धुऊन टाकशील ना गं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "वन्सं, माझ्याच्यानं नाही व्हायचं आता."

घरात कुणी असं बोलत नसे. सासूबाई तूरडाळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "चार दिवसांची पाहुणी आहे गं ती." मी धुतलं. डोळ्यांतलं पाणी त्या पाण्यात गेलं, कुणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंची नऊवारी दगडावर दिसेना. बघते तर दांडीवर, पाणी निथळतंय, निऱ्यांच्या घड्यांत साबण तसाच पांढरा. त्यांनी स्वतः धुतली होती. त्या देवाला बसल्यावर मी ती गुपचूप उतरवली, परत खळबळली, परत टाकली. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी माझे हात वर जाईनात.

"सासूबाई, राहू द्या. मीच धुते."

"का? साबण राहतो?"

मी निरीतला पांढरा साबण बोटानं पुसून काढला.

"मग तसं सांग की. तोंड आहे ना? त्या दिवशी होतं की!" असं म्हणत त्यांनी पदर खोचला आणि ओल्या साडीचं एक टोक उचललं. "धर ते दुसरं. तू इकडे पिळ, मी तिकडे. आणि सांगून ठेवते, पाचवारी मी नेसणार नाही."