रोहेकरबाईंचा मांडव

एजवेअरच्या त्या गल्लीत ज्युडिथ रोहेकरशी भांडण झालं नाही असं एक घर शोधून सापडलं नसतं. बाई ठाण्यात वाढलेली, लग्न होऊन इकडे विलायतेत आली, शाळेच्या किचनमध्ये उमेदीची वर्षं गेली, पण मराठी इतकं धारदार राहिलं की भाषा न येणाऱ्यालाही शिवी बरोबर कळायची. नाकावर माशी बसू द्यायची नाही. नवरा राफाएल मात्र देवमाणूस. पोस्टात टपाल वाटून निवृत्त झालेला. तिनं तोडायचं आणि त्यानं जोडायचं, असाच त्यांचा संसार चालला होता.

शेजारच्या घरात पुष्कर राहायला आला तेव्हा मराठी माणूस म्हणून तिला कोण आनंद झाला. डबे गेले, डबे आले. मग त्याच्या परसातलं झाड वाढलं आणि प्रेम आटलं. मेपलच्या कुळातलं ते आडदांड झाड निम्मं कुंपणाच्या अलीकडे आलेलं. त्याच्यावर मावा पडला की उन्हाळाभर चिकटा ठिबकायचा आणि खालच्या खुर्च्या काळ्या पडायच्या. पुढे पंखवाल्या बिया गरगरत यायच्या आणि वसंतात फरशीच्या फटीफटीतून रोपं उगवायची. "तण आहे मेलं," म्हणत ती उपटत बसायची. तेवढं तिनं सोसलंही असतं, पण यंदा गोष्ट राफाएलची होती.

रोहेकर ज्यू. सुक्कोतच्या सणाला अंगणात मांडव घालायचा, त्यावर कापलेल्या फांद्यांचं छप्पर करायचं आणि त्यात बसून जेवायचं, अशी त्यांची रीत. छपरावर मोकळं आभाळ हवं. झाडाखालचा मांडव चालत नाही. आणि रोहेकरांच्या परसात मांडव मावेल अशी जागा एकच, तीच नेमकी या झाडाखाली गेलेली. म्हणून अलीकडे दोघं सिनगॉगच्या मांडवात जायची. यंदा राफाएलच्या छातीनं दगा दिला. ऑक्सिजनच्या नळीशिवाय त्याला चार पावलंही टाकता येईनात.

"पुढच्या वर्षाचं काही सांगता येत नाही, ज्युडी," तो म्हणाला. "आपल्या मांडवात एकदा बसू दे."

त्यानं बायकोकडे आजवर काही मागितल्याचं तिला आठवत नव्हतं. ती तडक पुष्करकडे गेली. पुष्करचं म्हणणं, पानं गळू देत, नोव्हेंबरमध्ये चांगला माणूस बोलावून छाटू, आत्ता कापलं तर झाडाला त्रास होईल. सण तोंडावर आलाय, ती म्हणाली. तेव्हा त्यानं मोबाइलवर कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, नकाशा दाखवला. या ओळीत एक नॉर्वे मेपल संरक्षित होतं, त्याला हात लावणं गुन्हा, आणि ते झाड म्हणजे हेच, असं त्यानं ठोकून दिलं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं कौन्सिलला फोन लावला. तिथल्या बाईंनी सांगितलं, पानाचा देठ मोडून बघा, नॉर्वे मेपल असेल तर दुधासारखा चीक येईल, त्याच कुळातलं साधं सिकॅमोर असेल तर येणार नाही. ज्युडिथनं मोडला. दुधाचा थेंब नाही. मग गल्लीच्या टोकाला टोकदार पानांचं एक मेपल होतं, त्याचा मोडला, तर बोटं पांढरी झाली. फोटो पाठवल्यावर कौन्सिलनंही कळवलं की संरक्षित झाड टोकाचं, पुष्करचं नव्हे. ती पुन्हा त्याच्या दारात उभी राहिली.

"हे सिकॅमोर आहे. माझ्या बाजूला आलेलं मी कापणार, तुमची परमिशन लागत नाही."

इतके दिवस अरे-तुरे करणारी बाई तुम्हीवर आली, तेव्हाच तो काय ते समजला.

"कापा, मिसेस रोहेकर. पण कायद्यानं फांद्या माझ्या."

म्हणजे मावशीचीही मिसेस झाली.

सणाच्या आदल्या दिवशी तिनं झाडं छाटणारा माणूस आणला आणि कुंपणाच्या रेषेपर्यंत सगळं साफ करून घेतलं. पडलेली एकूण एक फांदी तिनं पुष्करच्या फुलझाडांवर फेकायला लावली. घे म्हणावं तुझा माल. संध्याकाळी मांडवाचा सांगाडा उभा राहिला, वर आभाळ मोकळं झालं, आणि ती लढाई जिंकल्याच्या थाटात चहा घेऊन बसली. तेव्हा राफाएलनं विचारलं, छप्पर कशाचं करणार?

भांडणाच्या नादात छपराचं तिच्या डोक्यातूनच गेलं होतं. दुकानांना फोन केले, तर छपराच्या बांबूच्या चटया सगळीकडे संपलेल्या.

"त्याच फांद्या छान होतील," राफाएल म्हणाला. "पुष्करकडून मागून आण. पण मागून हं. चोरीचं छप्पर चालत नाही."

झाडावर होत्या तोवर ज्या फांद्यांनी मांडव अडवला होता, त्याच आता मांडवाला हव्या होत्या. पण त्या माणसाकडे मागायच्या? तिची जीभ झडली असती. दुसऱ्या दिवशी पुष्कर मुलीला शाळेतून आणायला गेल्याचं पाहून बाईंनी कुंपणावरून दाताळं टाकलं आणि लागतील तेवढ्या फांद्या अलीकडे ओढून घेतल्या. नवऱ्याला सांगितलं, हौसेनं दिल्या हो त्यानं. मी म्हणत नव्हतो का, असं म्हणून राफाएल खूश झाला.

दिवस मावळताना तो नळीसकट मांडवात येऊन बसला. ती ताटं घेऊन बाहेर येते तो काय, राफाएल कुंपणाकडे बघून बोलतोय आणि पलीकडे पुष्कर उभा.

"फार उपकार झाले बाबा. तू फांद्या दिल्यास म्हणून मी आज इथं बसलोय."

एका शब्दात तो हा मांडव मोडू शकत होता. त्याच्या जागी आपण असतो तर मोडलाच असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पुष्करनं छपराकडे पाहिलं. मग नळीकडे पाहिलं.

"तुमच्याच आहेत काका," तो म्हणाला. "आरामात बसा."

राफाएलनं डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. पुष्कर कुंपणाच्या कडेनं तिच्या बाजूला सरकला.

"काकांना दिल्यात," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तुम्हाला नाही."

उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं, चांगलं जहरी. पण त्यानं शब्द मागे घेतला असता तर छप्पर पुन्हा चोरीचं झालं असतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं उत्तर गिळलं, आणि नवऱ्याशेजारी बसून त्याला वाढायला घेतलं.