वळचणीचा बॉबकट

एकोणिसाव्या वर्षी मी माहेरच्या घराचे केस कापले. केस म्हणजे छपराचं गवत, आणि तेही नेमकं वळचणीचं, छप्पर भिंतीच्या बाहेर जिथे खाली लोंबतं तिथलं. हातात विळा, डोक्यात मुंबई. इतकी अक्कलशून्य मुलगी मी नंतर आयुष्यात पाहिली नाही, आणि मी तीन सुना पाहिल्यात.

हे आत्ता उकरून काढायचं कारण आमच्या चारकोपच्या सोसायटीची बाग. तिथे यंदा म्हाताऱ्यांना बसायला 'गावचं घर' बांधलंय. खऱ्या मातीची भिंत, वर खरं गवत. पहिल्या दिवशी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी बघते तर सेक्रेटरी स्वतः उभा राहून पुढचं गवत कातरून घेतोय.

"अरे, हे काय चालवलंयस?"

"आजी, फोटोत तोंडावर सावली पडते. आणि उंच माणसांच्या डोक्याला लागतं ना."

"लागू दे. वाकतील. पावसात भिंत जाईल रे तुझी!"

"टेन्शन नका घेऊ. ताडपत्री टाकू."

ह्या पोरांचं सगळ्यावर एकच औषध, ताडपत्री. मी पुन्हा सांगायला गेले, तर त्याने मलाच त्या घरापुढे उभी करून फोटो काढला. चिडचिड होते ती ह्याची, की पोरगा अगदी तेव्हाच्या माझ्यासारखा बोलतो.

आमचं घर कोकणात. छप्पर इतकं खाली उतरलेलं की पडवीत शिरताना प्रत्येकाला कमरेत वाकावं लागे, मग तो सरपंच असो की भटजी. आत गारवा आणि काळोख. मला त्या घराची भयंकर लाज वाटायची. लांबून बघितलं की कुणी म्हातारी तोंडावर पदर ओढून बसलीय असं दिसे.

आणि मला बघायला मुंबईहून पाहुणे यायचे होते! मुलगा गिरणीत, राहायला घाटकोपर. घाटकोपर हा शब्दच मला केवढा उंच वाटायचा. असल्या माणसाने आमच्या दारात वाकायचं? आदल्या दिवशी आई बाजाराला गेली, बाबा शेतावर, आणि मी कामाला लागले. चढावंही लागलं नाही, छप्पर हाताशीच. दोन हात गवत उतरवलं, त्याखालच्या बांबूंची टोकं कोयत्याने उडवली. दारात उजेड पडला. घर एकदम शिकलेलं दिसायला लागलं. झकास!

आई आली आणि अंगणातच थांबली. "ह्या काय करून ठेवलंस गो?"

"पाहुण्यांना वाकायला नको म्हणून."

"बरा केलंस. आता पाऊस पण ताठ मानेन आत येतलो."

मला वाटलं, तिला सुधारणा कळत नाही. कापलेलं गवत परत बांधू या, असं मी बाबांना अगदी सहज म्हटलं. ते म्हणाले, गवत खालून वर शाकारतात, वरची प्रत्येक ओळ खालच्या ओळीवर बसते. खालची नीट लावायची तर अख्खं छप्पर उतरवायला हवं. आणि नवं गवत मिळणार कार्तिकात. एवढं बोलून ते अंगणात पडलेलं गवत गोळा करायला लागले, तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुलाचे काका ताठ चालत आत शिरले. मुलगा मात्र दाराशी आला आणि वाकला. वर काही नसताना! मान तिरकी करून पडवीत आला आणि मग सावकाश सरळ झाला. मी आतून बघत होते, तिथेच विरघळले. मुंबईचा माणूस, आणि केवढा नम्र!

आई माझ्या कानाशी म्हणाली, "जेच्यासाठी कापलंस, तो वाकलोच."

लग्न ठरलं. तुळशीचं लग्न झालं की आमच्याच अंगणात करायचं.

मग आषाढ आला. वळचण नसल्याने तिरक्या सरी थेट भिंतीवर. आधी शेणाचा लेप गेला, मग माती गुळासारखी ओघळायला लागली. माडाच्या विणलेल्या पात्यांची झापं टांगली, गोणपाटं टांगली, बाबांची घोंगडी टांगली. वारा सगळं उडवायचा आणि मी अंगणभर मागे धावायची. पावसात नवी भिंत घालता येत नाही, माती सुकतच नाही. श्रावणात एका दुपारी दाराच्या डावीकडची भिंत खाली बसली. छप्पर लाकडी खांबांवर होतं म्हणून तेवढं वाचलं. त्यापुढे आई गोणपाटाच्या आडोशाला झोपायची, आणि झड आत आली की मला हलवायची, "ऊठ गो, तुझी मुंबई आत इली."

बाबांनी एकच सांगितलं, पडक्या घरातून मी मुलगी पाठवणार नाही. भिंत आधी, लग्न मग. दसऱ्यानंतर मी रोज माती तुडवली. एक थर घालायचा, तो वाळेपर्यंत हात बांधून बसायचं, मग पुढचा. मी एकदा घाई केली आणि दोन थर एकत्र खाली आले. तेव्हा चिखलात बसून मी मोठ्याने रडले. रडू लग्नाचं होतं, भिंतीचं कुठलं! भिंत उभी राहिली ती अगदी मुहूर्ताच्या तोंडावर. हळद लावताना माझ्या नखांत लाल माती होती, आणि करवल्या तोंडाला पदर लावून हसत होत्या.

लग्नानंतर घाटकोपरला आलो. स्टेशनपासून चढ, त्या चढावर आणखी चढ, आणि डोंगराच्या उतारावर एक पत्र्याची खोली. छप्पर आमच्या वळचणीपेक्षा खाली. हे पुढे होते. दाराशी आले, वाकले, मान तिरकी केली, आत गेले. अगदी तसंच. नम्रपणा कसला, रोजची सवय होती ती! ह्याच दारासाठी मी बापाची भिंत पाडली होती. ह्या रागात मी तरातरा ताठ मानेने पुढे झाले आणि कपाळ पत्र्याच्या कडेवर धाडकन आपटलं.

आम्ही निघताना आईने जावयाला सगळं सांगितलं असणार. कारण माझ्या कपाळावर पाण्याचा हात ठेवत हे म्हणाले, "वाकून यायचं गं. हा पत्रा आहे, विळ्याने कापला जायचा नाही."