लेझीमपुरती मराठी

सुरतेतल्या आमच्या छोट्या आर्ट्‌स कॉलेजात मी मराठी शिकवत असे. असे म्हणजे, मागच्या जूनपर्यंत. विषय घेणारे पुरेसे विद्यार्थी नसले की विषय बंद, आणि प्राध्यापकानं मिळेल ते शिकवायचं. म्हणून प्रवेशाच्या वेळी आम्ही सगळे व्हरांड्यात टेबलं मांडून बसतो आणि येणाऱ्या पोरापोरींना आपापल्या विषयाकडे ओढतो. शी! भाजीमंडई बरी.

मी तर मे महिन्याच्या उन्हात लिंबायतच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. तिथं घरोघरी खानदेशातली माणसं, लूमवर राबणारी. मीही धुळ्याचीच. एका घरात आईनं पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "पोरले मराठी शिकीसन नोकरी भेटी का हो ताई?" मी म्हटलं, बी.एड. करील, शिक्षिका होईल. तिची पोर हसून म्हणाली, "मॅडम, मी येते. मैत्रिणींनाही आणते." विषय वाचला! रिक्षात बसल्यावर माझे डोळेच भरून आले.

प्रवेशाच्या दिवशी पोरी आल्या, पण माझ्या टेबलापर्यंत पोचल्याच नाहीत. फाटकापाशी आमचे इतिहासाचे प्राध्यापक उभे. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसणारे, वर्षानुवर्षं माझ्या डब्यातली पुरणपोळी मिटक्या मारत खाणारे! "मराठीमां शुं स्कोप छे?" म्हणाले आणि सगळ्यांना इतिहासाला घेऊन गेले. मी जाब विचारला तर थंडपणे, "बेन, मारो पण वर्कलोड छे ने." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. विषय बंद झाला. मला कम्युनिकेशन स्किल्सचे तास मिळाले, पगार तोच. प्रिन्सिपॉल म्हणाले, "नसीबदार छो."

फेब्रुवारीत त्याच प्रिन्सिपॉलांना मराठीचा पुळका आला. महाराष्ट्रातून एक पाहुणे यायचे होते. मराठी दिन करा, नऊवारी, लेझीम, फेटे, सगळं झोकात पाहिजे. मी नाही म्हणून कुणाला सांगणार? लेझमीला पोरी आणल्या त्या इतिहासाच्या वर्गातल्या, म्हणजे माझ्याच लिंबायतच्या. आणि फेटा सगळ्यांत आधी कुणी बांधून घेतला, ते सांगायलाच नको.

पाहुणे भाषणात म्हणाले, गुजरातेत मराठीचा विभाग एवढ्या जोमानं चालतोय, ऊर भरून आला. मग आभार मानायला मला उभं केलं. मी माइक हातात घेतला आणि म्हटलं, "इथं मराठी कुणी शिकत नाही. यांनी तिला जूनमध्येच मूठमाती दिली. आज तुमच्यापुरतं हे सोंग आणलंय."

माझा आवाज चिरकला होता. पाहुणे मान खाली घालून शाल सारखी करत बसले. आमच्या स्टाफला एक अक्षर कळलं नाही. बाईंचं मन भरून आलं, असं वाटून इतिहासाचे साहेब फेट्यासकट उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. मागोमाग अख्खं सभागृह. वाजवल्या नाहीत त्या फक्त लिंबायतच्या पोरींनी. त्यांना सगळं कळलं होतं.