आप्पांना मागच्या गेटनं बोलावलं तेव्हा

"हे माझे मामा आहेत," मी वॉचमनला सांगितलं.

"कुठले?"

"कंधारचे," मी म्हणालो. त्याच क्षणी आप्पा म्हणाले, "रेणापूरचे."

वॉचमननं दंडुका आडवा धरला.

मी लातूरच्या एका एआरटी सेंटरमध्ये काउन्सेलर आहे. एचआयव्हीच्या गोळ्या जिथं मोफत मिळतात, ते हे ठिकाण. पेशंटच्या मनातली भीती घालवणं हे माझं काम. त्या दुपारी मी ती वाढवत होतो.

शिवलिंगआप्पांचं (नाव बदललंय) रेणापूरला भुसार दुकान आहे. वजन उतरत चाललं म्हणून गावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि त्यांना माझा नंबर मिळाला. पूर्वी गोळ्या सुरू व्हायला बऱ्याच चकरा माराव्या लागत. आता डॉक्टरांनी तपासलं, टीबीसारखी अडचण दिसली नाही आणि पेशंट तयार असला, की त्याच दिवशी गोळ्या हातात. उशीर केला की शरीर आणखी पोखरलं जातं.

फोनवर आप्पांना हे सगळं पटलं. अडलं एकाच ठिकाणी.

"लातूरचं निम्मं मार्केट वळखतं मला. दिवाळी झाल्यावर बघू."

दिवाळी फार लांब होती. मग माझं डोकं चाललं. "मागच्या गेटनं या," मी म्हणालो. "तोंड झाकून या. मी उभा राहतो तिथं." या युक्तीवर मी इतका खूश होतो, की सेंटरच्या डॉक्टर मॅडमनाही काही बोललो नाही.

आप्पांनी माझा शब्द तंतोतंत पाळला. भर उन्हात मास्क, कानटोपी आणि वर मफलर. संशय आला नसता तर वॉचमनला कामावरून काढायला हवं होतं. कपडे वाळत घालणाऱ्या बायका काम सोडून बघायला लागल्या. ज्या बोळात एरवी कुत्रं फिरकत नाही, तिथं मी गर्दी जमवली.

शेवटी आप्पांनीच मास्क खाली केला. "पेशंट हाय मी. गोळ्याला आलोय."

"मग पुढून जावा की," वॉचमन म्हणाला. "केसपेपर तिकडंच निघतो."

"चला साहेब," आप्पा मला म्हणाले. "आमची मंडळी पुढं बसून राहिली."

"त्यांना माहीत आहे?"

"काल सांगितलं. लई रडली. मग म्हणली, मी बी येते."

पुढच्या हॉलमध्ये नेहमीची रेटारेटी होती. आमच्याकडे कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. आप्पांच्या पत्नी गंगाबाई मात्र माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "आमच्या मालकाला चोरावाणी बोलावणारे तुमीच का?"

मी हो म्हणालो.

"बरं. माझं बी रक्त बघा."

त्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. वॉचमनसमोर न डगमगलेले आप्पा ते ऐकून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. गंगाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

त्याच दुपारी मॅडमनी आप्पांना तपासलं आणि गोळ्या सुरू केल्या. आता त्यांचं वजन भरलंय, दुकान नीट चाललंय.

आता कुणी गुपचूप कसं येऊ असं विचारलं, की मी सोमवारी सकाळी, ऐन गर्दीत, पुढच्या दारानं यायला सांगतो. तिथं जो तो फक्त आपला नंबर कधी लागतो एवढंच बघत असतो.